रेषा काढायच्या कोणी? एएस/४०० वरून बारकोड छापताना

आपल्या अकोला-अमरावतीकडे जिनिंगमधून रुई निघाली की प्रेसमध्ये तिची साधारण १७० किलोची गाठ बांधतात. गाठीला लेबल लागतं. समजा त्यावर लॉट नंबर, गाठ नंबर आणि बारकोड आहे. ट्रक उभा आहे, अन् स्कॅनर लेबल वाचतच नाही. मग नंबर हातानं टाकावा लागतो. एक आकडा चुकला, की एका गाठीचं वजन दुसरीच्या नावावर चढतं आणि भांडण पैशापर्यंत जातं. लेबल तर डोळ्यांना छान दिसत होतं! मग चुकलं कुठं?

आयबीएमचं एएस/४०० हे मशीन १९८८ साली आलं. त्याच घराण्यातली प्रणाली आज ‘आयबीएम आय’ या नावानं चालते. हिशेब, साठा, बिलं ही तिची कामं. प्रोग्रामनं छापायला दिलेला मजकूर आधी स्पूल फाइलमध्ये जातो, रांगेत थांबतो आणि मग प्रिंटरकडे जातो. एरवी ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. त्यात गाठीचा नंबर असतो, रेषा नसतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: रेषा कोण काढणार? याची तीन उत्तरं आहेत.

पहिलं, प्रणालीवर सोपवा. प्रिंटर फाइलमध्ये त्या रकान्याला ‘बारकोड’ हा कीवर्ड देता येतो. पण फाइल साध्या एससीएस प्रकारची असेल तर त्याचा उपयोग होत नाही. प्रकार एएफपीडीएस ठेवा. ऑफिसातल्या नेहमीच्या लेझर प्रिंटरला ही भाषा कळत नाही, म्हणून ‘होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म’ चालू करा आणि प्रिंटरचं मॉडेल बरोबर निवडा. मॉडेल चुकलं तर पानावर कचरा येतो.

दुसरं, फॉन्ट वापरा. कोड ३९ मध्ये प्रत्येक अक्षराच्या नऊ पट्ट्या असतात आणि त्यांतल्या तीन जाड. म्हणून हे नाव. नंबरच्या आधी आणि नंतर तारांकन हवंच. ते विसरलात तर स्कॅनर गप्प बसतो. यात इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं मिळून ४३ अक्षरं बसतात. मराठी नाव बसत नाही. ते शेजारी वेगळं छापा.

तिसरं, लेबल प्रिंटर. झेब्रासारख्या प्रिंटरला रेषा पाठवायच्या नसतात, ‘या नंबरचा बारकोड काढ’ असा हुकूम पाठवायचा असतो. इथं एक गंमत आहे. एएस/४०० ची अक्षरलिपी एबसीडिक, प्रिंटरची आस्की. इंग्रजी ‘ए’ हे अक्षर एकीकडे १९३, दुसरीकडे ६५. वाटेत भाषांतर होतं, पण हुकुमाच्या सुरुवातीचं ^ हे चिन्ह वेगवेगळ्या कोड पेजांत वेगळ्या जागी बसतं. ते बदललं की प्रिंटर हुकूम न पाळता काहीच छापत नाही, किंवा भलतंच छापतो. मग प्रिंटरला दोष देत बसू नका, आधी कोड पेज तपासा.

आता कागदाची गोष्ट. बारकोडच्या दोन्ही बाजूंना बारीक रेषेच्या दहापट मोकळी जागा सोडा. ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, कारण त्यानं रेषांची जाडी बिघडते. आणि आपला मे महिना! अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. उन्हात उभ्या ट्रकमध्ये त्याहून जास्त तापतं. रिबनशिवाय उष्णतेनं छापणारं थर्मल लेबल अशा तापानं काळवंडू शकतं. गाठीसाठी रिबनवालंच घ्या.

शेवटचं सांगतो. पहिलं लेबल गाठीवर चिकटवायच्या आधी, जो स्कॅनर गोदामात आहे त्याच स्कॅनरनं वाचून पाहा आणि आलेला नंबर खाली छापलेल्या नंबराशी ताडून बघा. डोळ्यांनी बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका, बारकोड डोळ्यांसाठी नसतोच.