घर घेण्यापूर्वी मोजणी

जन्माची पुंजी ओतून घर घेणारा गृहस्थ भिंतींचा रंग, विहिरीचे पाणी व दरवाजाची दिशा बारकाईने पाहतो; पण जी जागा घेतो ती मोजून मात्र पाहत नाही. खरेदीखत नोंदले की सर्व झाले, अशी त्याची समजूत असते. ही समजूत घातक आहे, असे आम्हांस स्पष्ट सांगणे भाग आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये दस्त नोंदला जातो. भिंत कोणाच्या हद्दीत आहे हे पाहावयास दुय्यम निबंधक जात नाही.

दोष लपविणाऱ्यास कायदा शासन करील, असे कोणी म्हणेल. त्याने १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम वाचावे. विकणाऱ्यास ठाऊक असलेला, पण घेणाऱ्यास सामान्य दक्षतेने न कळणारा, असाच महत्त्वाचा दोष सांगण्याचे बंधन त्यात आहे. मोजणी होताच जो उघड झाला असता, त्याचे खापर कोणावर फोडणार?

म्हणून आमची सूचना अशी की, इसार देण्यापूर्वी विकणाऱ्याकडून भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करवावा. शेजाऱ्यांस नोटिसा जाऊन हद्दी दाखविल्या जातात. नकाशाची ‘क’ प्रत मिळकतपत्रिकेशी व खरेदीखतातील चतुःसीमांशी ताडून पाहावी. यास विलंब लागतो खरा. पण दिवाणी दाव्यास लागणाऱ्या वर्षांपुढे त्याची काय मातबरी? विकणारा मोजणीस नाखूष दिसला, तर सौद्यातून वेळीच पाय काढावा. आमचे व्यापारी बंधू तोलल्यावाचून धान्याचे पोते उचलीत नाहीत. जमिनीसच त्यांनी अपवाद का करावा?