अर्कर्टचा किल्ला : मोडला कोणी?

पडका किल्ला दिसला की आपण पटकन म्हणतो, 'काळानं खाल्ला'. आज हे वाक्य जरा तपासून पाहू. उदाहरण घेऊ स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवराच्या काठावरच्या अर्कर्ट किल्ल्याचं.

१२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तो घेतला. पुढे तो स्कॉटलंडच्या राजांकडे परत आला. मग पश्चिमेकडचे मॅकडोनाल्ड सरदार त्यावर वारंवार चालून येत. १५०९ मध्ये चौथ्या जेम्सने तो ग्रँट घराण्याला दिला; डागडुजी आणि बंदोबस्त अर्थातच त्यांच्या गळ्यात! १५४५ मध्ये मॅकडोनाल्डांनी मोठी धाड घातली. गुरंढोरं तर नेलीच, घरातलं सामानसुमानही सोडलं नाही. तरी किल्ला उभा होता बरं का! ग्रँटांनी पुन्हा बांधकाम केलं.

मग तो मोडला कोणी? १६८८ मध्ये राजा सातवा जेम्स देश सोडून पळाला आणि विल्यम व मेरी गादीवर आले. जेम्स या नावाचं लॅटिन रूप जॅकोबस, म्हणून त्याचे पाठीराखे ते जॅकोबाइट. त्यांच्याविरुद्ध नव्या राजवटीची शिबंदी किल्ल्यात बसली आणि तिने तो टिकवलाही. पण १६९२ मध्ये किल्ला सोडताना याच शिबंदीने दरवाजाची इमारत सुरुंगाने उडवली. का? तर मागून शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून. म्हणजे राखणाऱ्यांनीच मोडला! त्या स्फोटात पडलेले चिरेबंदी लगदे आजही प्रवेशापाशी तसेच आहेत.

पुढे आसपासच्या लोकांनी उपयोगाचं ते ते उचलून नेलं. १७१५ च्या वादळात ग्रँट मनोऱ्याचा काही भाग कोसळला. १९१३ मध्ये किल्ला सरकारच्या देखरेखीखाली आला. तेव्हापासूनचं धोरण असं, की पडलेलं नव्याने उभारायचं नाही, उरलेलं सावरायचं.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. 'काळानं खाल्ला' असं म्हटलं की करणारी माणसं वाक्यातून नाहीशी होतात. अर्कर्टमध्ये काळाचा वाटा आहेच. पण सुरुंग लावणं हा एक निर्णय होता, दगड नेणं हा दुसरा, आणि मोडलेलं मोडलेलंच राखणं हा तिसरा. उद्या कुणी तो दरवाजा नवाकोरा बांधला, तर १६९२ ची साक्ष पुसली जाईल. म्हणून कुठल्याही अवशेषापुढे उभं राहिल्यावर 'किती जुना?' एवढंच विचारून थांबू नये. 'कुणी मोडला, आणि कशासाठी?' हेही आपण विचारायला हवं.