शाळेनं नाकारलेली गिटार

1965 साली जपानच्या तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहरात शिक्षण मंडळानं विद्यार्थ्यांना एका वाद्यापासून दूर राहायला फर्मावलं. ते वाद्य होतं इलेक्ट्रिक गिटार. जपानी बोलीत नुसतं ‘एलेकी’. तिच्या नादानं पोरं वाया जातात, अशी पालकांची आणि शिक्षकांची खात्रीच झाली होती. आज त्याच काळातल्या जपानी गिटारी जगभरचे संग्राहक शोधत फिरतात. त्यांच्या लाकडात आणि तारांत युद्धोत्तर जपानची एक अख्खी पिढी बोलते.

पराभवानंतरचा सूर

युद्धाआधी जपानमध्ये हवाईयन संगीताची मोठी चलती होती. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार तिथं विजेवरही वाजू लागली होती. युद्ध पेटलं तसं अमेरिकी संगीत शत्रूचं ठरून बंद पडलं. 1945 च्या पराभवानंतर तेच सूर अमेरिकी लष्करी तळांवरून परत आले आणि तळांवरच्या क्लबांत वाजवून कित्येक जपानी वादकांनी त्या पडत्या काळात संसार चालवले. 1946 मध्ये अत्सुओ कानेको हे हवाईयन गिटारवादक आणि दोर्यू मात्सुदा हे विद्युत अभियंते एकत्र आले. त्यांची कंपनी पुढे ‘टेइस्को’ या नावानं घरोघरी पोहोचली.

खरा भडका उडाला 1965 च्या जानेवारीत. अमेरिकेतला ‘द व्हेंचर्स’ हा बँड दौऱ्यावर आला. त्यांच्या संगीतात शब्दांना जागाच नव्हती, सगळं बोलणं गिटारीचं. त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही ते थेट भिडलं. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर हौशी बँडांच्या चढाओढी सुरू झाल्या, तर वर्ष संपता संपता अभिनेते-गायक युझो कायामा हातात गिटार घेऊन रुपेरी पडद्यावर झळकले. व्हेंचर्सच्या हातातली ‘मोझराइट’ सामान्य मुलांना परवडणारी नव्हती. ती हौस देशी कारखान्यांनी भागवली.

या गिटारींचं रूप आगळंच होतं. टेइस्कोच्या ‘स्पेक्ट्रम 5’वर रंगीबेरंगी बटणांची ओळ होती. अमेरिकेत तर टेइस्कोच्या गिटारी ‘सीअर्स’च्या कॅटलॉगमधून वेगळ्याच नावानं विकल्या गेल्या आणि तिथल्या असंख्य मुलांची पहिली गिटार जपानी ठरली. लाट ओसरली तशी कंपन्यांची ओढाताण झाली. 1967 मध्ये टेइस्को ‘कावाई’च्या ताब्यात गेली.

शिवणयंत्राच्या पेटीपासून

पुढचा अध्याय डोंगरांनी वेढलेल्या मात्सुमोतो शहरात घडला. इथली हवा कोरडी आणि सुतारकामाची परंपरा जुनी. ‘मात्सुमोकू’ हा कारखाना आधी ‘सिंगर’ शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या बनवायचा. त्याच कसबातून पुढे गिटारी घडल्या. 1960 मध्ये सुरू झालेल्या ‘फुजिगेन’नं साध्या गिटारींपासून सुरुवात केली. सत्तरच्या दशकात या कारागिरांनी गिब्सन आणि फेंडर या अमेरिकी कंपन्यांच्या नमुन्यांच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या. 1977 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं अशा प्रतिकृती विकणाऱ्या ‘आयबानेझ’ या जपानी ब्रँडच्या अमेरिकी वितरकाला कोर्टात खेचलं. वाद होता दांडीच्या टोकाच्या, खुंट्या बसवतात त्या भागाच्या आकाराचा. प्रकरण आपसात मिटलं. पण पाचच वर्षांनी, 1982 मध्ये, खुद्द फेंडरनं जपानी भागीदारांबरोबर ‘फेंडर जपान’ स्थापन केली आणि गिटारी बनवायला दिल्या फुजिगेनकडे. ज्यांच्या नमुन्यावर हात बसवला, त्यांनीच त्या हातांवर विश्वास टाकला.

म्हणून या प्रतिकृतींना मी चोरी म्हणून सोडून देत नाही. ती एका देशाची तालीम होती. आणि त्याआधीच्या स्वस्त गिटारींनाही टाकाऊ माल म्हणू नये. गिटारीच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती तारेचं वेटोळं असतं. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज जागते. टेइस्कोच्या काही पिकअपवर सोनेरी पत्रा असे. त्यांतून निघणाऱ्या मोकळ्या, किंचित खरखरीत सुरावर राय कूडर हे अमेरिकी वादक इतके लुब्ध झाले, की त्यांनी तसा पिकअप आपल्या फेंडरवर चढवला. कोणे एकेकाळी हिणवलेला तो आवाज आता नव्या गिटारींमध्ये मुद्दाम घडवला जातो.

आशिकागाच्या मनाईला सर्वांत सुंदर उत्तर गिटारवादक ताकेशी तेराउची यांनी दिलं. त्यांनी जपानी लोकधुना इलेक्ट्रिक गिटारीवर अशा वाजवल्या, की तारांवर शामिसेन या पारंपरिक जपानी तंतुवाद्याचा ठसका उमटावा. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या त्यांच्या रूपाला 1967 मध्ये ‘जपान रेकॉर्ड पुरस्कारां’त संगीत संयोजनाचा मान मिळाला. मनाई उठावी म्हणून ते भांडत बसले नाहीत. गिटार घेऊन ते गावोगावच्या शाळांत गेले आणि मुलांसमोर, शिक्षकांसमोर वाजवत राहिले. 2021 मध्ये ते गेले, तोवर जपानी शाळांतून मुलांचे बँड ही रोजची गोष्ट झाली होती.