खांदा अर्धवट निखळतो तेव्हा

नोव्हेंबर उजाडला की रायपूरमधील बँकांच्या शाखांत निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला देण्यासाठी आलेल्या ज्येष्ठांपैकी एखाद्याची एक बाजू पक्षाघाताने लुळी पडलेली असते. रिक्षातून उतरवताना मुलगा त्यांचा लुळा हात धरून ओढतो, तर पायरी चढवताना शाखेतील कर्मचारी काखेत हात घालून त्यांना वर उचलतो. दोघांचाही हेतू मदतीचाच. परंतु अशा मदतीनेच खांद्याचा सांधा जागचा सरकण्याचा संभव असतो.

खांदा हा शरीरातील सर्वाधिक चपळ आणि म्हणूनच सर्वाधिक अस्थिर सांधा होय. पाठीच्या वरच्या भागातील चपट्या, त्रिकोणी हाडाला आपण खवाटा म्हणतो. त्याच्या बाहेरच्या टोकाशी एक उथळ खळगी असते आणि दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात टेकलेला असतो. एका वेळी या माथ्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग खळगीला भिडतो. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम खळगीच्या कडेची कूर्चा, अस्थिबंध आणि खवाट्यापासून निघणारे चार स्नायू करतात. माथा खळगीतून पूर्ण बाहेर पडला तर खांदा निखळला असे म्हणतात. तो काही अंशी सरकला, पण दोन्ही हाडांचा संपर्क टिकून राहिला, तर ते अर्धवट निखळणे. ‘खवाटा सरकला’ अशी तक्रार पुष्कळदा याच दुखण्याची असते.

हे दुखणे आपल्या वैद्यकाला अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत सांधा सुटण्याचे सहा प्रकार सांगितले असून त्यांतील ‘विश्लिष्ट’ हा प्रकार अर्धवट निखळण्याशी जुळतो.

तरुणांमध्ये याचे कारण बहुधा दुचाकीवरून पडणे किंवा खेळातील झटका हे असते. हाड सरकते आणि क्षणात आपोआप जागी येते. त्यामुळे ‘बसला एकदाचा’ असे समजून दुर्लक्ष होते. परंतु कूर्चा फाटली असेल किंवा अस्थिबंध ताणले गेले असतील, तर खांदा पुनःपुन्हा सरकू लागतो. म्हणून क्ष-किरण तपासणी, झोळीत हाताला विश्रांती आणि नंतर स्नायूंना बळ देणारे व्यायाम, हा क्रम टाळू नये. वारंवार सरकणाऱ्या खांद्यावर प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते.

पक्षाघातात मात्र आघाताची गरजच नसते. स्नायू शिथिल झाल्यामुळे हाताच्या स्वतःच्या भारानेच हाड हळूहळू खाली उतरते. खांद्याच्या टोकाखाली बोटभर खोबण हाताला लागते. अशा रुग्णाला हात धरून ओढू नये किंवा काखेत धरून उचलू नये. कमरेला वा पाठीला आधार देऊन उठवावे. बसलेले असताना लुळा हात उशीवर टेकवून ठेवावा आणि सदरा घालताना तोच हात आधी बाहीत घालावा. खांदा स्वतः बसवण्याचा प्रयत्न करू नये. हात बधिर, गार वा निळसर झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. रायपुरात टाटीबंध येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय या दोन्ही सार्वजनिक संस्थांत अस्थिरोगांवर उपचार होतात.

आता मूळ प्रश्न हयातीच्या दाखल्याचा. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सुविधेद्वारे हा दाखला संगणकीय पद्धतीने देता येतो. शिवाय सत्तर वर्षांवरील तसेच दिव्यांग वा आजारी ग्राहकांना घरपोच सेवा देण्याचे प्रयत्न बँकांनी करावेत, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिले असून त्यांत हयातीच्या दाखल्याचाही समावेश आहे. आपल्या घरी असे ज्येष्ठ असतील, तर त्यांना घराबाहेर काढण्यापूर्वी शाखेत एकदा विचारणा अवश्य करावी. आणि शाखेत आलेच, तर कर्मचाऱ्यांनी त्यांना आधार द्यावा तो कमरेला, हाताला नव्हे.