वॉशिंग्टनचे पत्र : स्वादांचा पाठलाग

या देशातील अनेक शाळांना आपल्या स्वच्छतागृहांत ई-सिगारेटचे बाष्प टिपणारी यंत्रे बसवावी लागली, हे आपल्याकडील पालकांस चमत्कारिक वाटेल. परंतु २०१९ च्या सरकारी पाहणीत येथील हायस्कुलांतील शेकडा २७ हून अधिक विद्यार्थ्यांनी मागील महिन्याभरात ई-सिगारेट ओढल्याचे सांगितले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे शिक्षकांवर ही पाळी का आली ते उमगते. २०१५ साली बाजारात आलेले ‘जूल’ दिसावयास पेनड्राइव्हसारखे आणि सहज मुठीत लपणारे असे; त्यातील निकोटीन क्षाररूपात असल्यामुळे घशाला बोचत नसे, आणि नवशिक्याला धुरापासून परावृत्त करणारा ठसका आंब्याच्या व पुदिन्याच्या स्वादाखाली पार नाहीसा होई.

सरकार स्वस्थ बसले होते असे नाही. काँग्रेसने २००९ सालीच सिगारेटींतील फळांच्या व मिठाईच्या स्वादांना मनाई केली होती. पण मेन्थॉल त्यातून वगळले गेले, आणि ई-सिगारेट तर २०१६ पर्यंत अन्न व औषध प्रशासनाच्या अमलाखाली आलीच नाही. जानेवारी २०२० मध्ये प्रशासनाने कार्ट्रिजवर चालणाऱ्या ई-सिगारेटींतील स्वादांविरुद्ध कारवाई जाहीर केली, तेव्हा एकदा वापरून फेकून देण्याच्या ई-सिगारेटी तीतून सुटल्या, आणि पाहता पाहता मुलांच्या खिशांत नेमक्या त्याच दिसू लागल्या. त्यांच्यावर नोटिसा निघताच काही उत्पादकांनी, आपले निकोटीन प्रयोगशाळेत सिद्ध केलेले असल्याने तंबाखूचा कायदा आपणांस लागू नाही, असा पवित्रा घेतला. ती पळवाट बुजविण्यास २०२२ साल उजाडले. माझ्या मते मूळ दोष हाच, की कायदा दर वेळी पात्राचे नाव घेत राहिला आणि मुलांना भुलविणारा रस दुसऱ्या पात्रात ओतला गेला. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१९ साली मेन्थॉलसकट सर्वच स्वादयुक्त तंबाखू-उत्पादनांची विक्री बंद करण्याचा कायदा केला, तो मला म्हणूनच अधिक शहाणपणाचा वाटतो.

स्वादांमुळे प्रौढांना सिगारेट सोडणे सुलभ होते, हा उत्पादकांचा युक्तिवाद सर्वथा निराधार नाही. मात्र हे प्रौढांचे हित मुलांच्या हानीहून मोठे आहे हे सिद्ध करण्याचा भार येथील कायद्याने परवाना मागणाऱ्यावर टाकला आहे. प्रशासनाने स्वादयुक्त मालाच्या दरखास्ती मोठ्या प्रमाणावर फेटाळल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य मुद्द्यावर एकमताने प्रशासनाचीच बाजू उचलून धरली.

तरीही चीनहून येणाऱ्या बिनपरवाना मालाच्या जप्त्या चालूच आहेत. २०२४ च्या पाहणीत ई-सिगारेट ओढणाऱ्या शाळकरी मुलांची संख्या १६ लाखांवर उतरली, ही दिलाशाची गोष्ट खरी. पण त्यांपैकी शेकडा ८७ हून अधिक मुले स्वादयुक्त ई-सिगारेटच ओढत होती. ज्यांना व्यसन जडून चुकले त्यांची अवस्था तर अधिक बिकट आहे, कारण निकोटीन सोडविण्यासाठी प्रौढांना जी औषधे मिळतात त्यांपैकी एकही प्रशासनाने १८ वर्षांखालील मुलांसाठी मंजूर केलेले नाही.