डाऊ पडला म्हणजे नेमकं काय पडलं?

मी लातुरात म्युच्युअल फंडाचं काम करतो. निम्मे ग्राहक मार्केट यार्डातले आडते. शिकागोचा सोयाबीन त्यांना तोंडपाठ असतो, त्यामुळे सकाळीच फोन येतो: "सर, राती डाऊ साडेतीनशेनं पडला म्हणं. आपलं कसं?" चाळीस हजारांवरच्या आकड्यात साडेतीनशे म्हणजे एक टक्काही नाही. पण गफलत मुळात डाऊच्या घडणीतच आहे.

डाऊ जोन्स हा अमेरिकी शेअरांचा निर्देशांक, १८९६ सालचा. त्यात ३० कंपन्या, आणि वजन ठरतं शेअरच्या भावावरून. पाचशे डॉलरच्या शेअरला पन्नासवाल्याच्या दहापट मान, मग पन्नासवाली कंपनी केवढीही असो. कुठलाही शेअर एक डॉलर हलला की डाऊ सुमारे सहा अंकांनी हलतो. जपानचा निक्केई याच पठडीतला. एसअँडपी ५००, नॅस्डॅक १०० आणि आपला निफ्टी मात्र कंपनीच्या बाजारमूल्यावर चालतात. तिथं मोठ्यांचीच चलती. नॅस्डॅकच्या नावात शंभर असले तरी जवळपास निम्मं वजन पहिल्या दहांचं.

आडत्यांना मी यार्डातल्या पोटलीची, म्हणजे नमुन्यावरच्या सौद्याची, आठवण करून देतो. पोटलीत निघाला तो बाजाराचा भाव. तुमच्या पोत्यांना काय मिळणार हे ओलावा आणि माती ठरवते.

परदेशी निर्देशांकातल्या पैशाचंही तसंच. इथं पहिला ओलावा रुपयाचा. २०१४ अखेर डॉलर ६३ रुपयांना होता, २०२४ अखेर ८५च्या वर. अमेरिकी निर्देशांक तेवढी वर्षं जागचा हलला नसता तरी नुसत्या चलनातून आपल्याला एकूण पस्तीसेक टक्के सुटले असते. रुपया वधारला की हेच उलटं.

दुसरा युनिटच्या भावाचा. सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात सात अब्ज डॉलरच न्यायचे, अशी मर्यादा आहे. ती भरत आली म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये बऱ्याच योजनांनी नवे पैसे घेणं थांबवलं. नांदेडचे एक प्राध्यापक मग डीमॅटमधून ईटीएफ घ्यायला निघाले. नवी युनिटं पुरेशी निघत नसली की जुन्यांनाच भाव चढतो. आत शंभराचा माल, बाहेर एकशे दहा मागतात. एनएव्ही, म्हणजे आतल्या मालाचा भाव, शेजारी ठेवून बघा, एवढंच म्हणालो.

दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हातात आले की एकरकमी घालायची घाई होते. "परदेशातलं वरच जातंय की." मग मी निक्केई काढतो. २९ डिसेंबर १९८९ ला तो ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडलं. एसआयपीवाल्याला त्याचं एवढं भ्यायला नको, पडत्या बाजारातही त्याची खरेदी चालूच असते.