शंखभस्म, चुनकळी आणि क्षार : अग्नीच्या जमाखर्चाचे रसायन

रसशास्त्रात पुटाचे महत्त्व आपण सर्व जण जाणतो. कोणत्या द्रव्यास किती पुटे द्यावीत, गजपुट द्यावे की कुक्कुटपुट, याचे नियम ग्रंथांत स्पष्ट आहेत. परंतु पुटात दिलेली उष्णता जाते कोठे आणि ती पुढे कोणत्या रूपाने परत येते, हा विचार आपल्या व्यवसायात क्वचितच होतो. शंखभस्माच्या बाबतीत तो न केल्यास त्याचा परिणाम थेट रुग्णाच्या मात्रेवर होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

एकाच नावाची दोन निर्मात्यांची शंखभस्मे हाताळताना, एक भस्म जिभेला सौम्य लागते आणि दुसरे चुना लागल्यासारखे पोळते, हा अनुभव आम्हांस आला आहे. दोन्ही भस्मे वारितर व रेखापूर्ण असू शकतात. या परीक्षा भस्माची सूक्ष्मता सांगतात; त्यातील घटक सांगत नाहीत.

उष्णतेचा जमाखर्च

स्थिर दाबाखाली एखाद्या अभिक्रियेत घेतली वा दिली जाणारी उष्णता म्हणजे एन्थाल्पीतील बदल. उष्णता घेणारी ती उष्माग्राही व देणारी ती उष्मादायी अभिक्रिया होय. इ.स. १८४० मध्ये हेस या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, आरंभ व शेवट तोच असेल तर मार्ग कोणताही असो, उष्णतेची एकूण बेरीज बदलत नाही.

शंख म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या एका मोलला, म्हणजे १०० ग्रॅमला, पूर्ण विघटनासाठी सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते. कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व ५६ ग्रॅम चुनकळी (कॅल्शियम ऑक्साइड) उरते. तिने पाणी शोषले की सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि विरलेला चुना तयार होतो. वजन ७४ ग्रॅम होते. हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कार्बोनेट होतो, तेव्हा सुमारे ११३ किलोज्यूल बाहेर पडतात. ६५ आणि ११३ यांची बेरीज १७८! पुटाने उधार दिलेले सर्व निसर्ग दोन हप्त्यांत फेडून घेतो. हेसच्या नियमाचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

स्फटिकाची बांधणी

चुनकळी एवढी उष्णता का देते, हे समजण्यासाठी स्फटिकाच्या आत डोकवावे लागते. क्षार-लवणांत धन व ऋण आयन एकमेकांस घट्ट धरून एक जाळे रचतात. ते जाळे मोडून आयन पूर्णपणे दूर करण्यास लागणारी ऊर्जा म्हणजे जालक ऊर्जा. ती थेट मोजता येत नाही. बॉर्न व हाबर यांनी १९१९ मध्ये हेसच्याच नियमाच्या आधारे ती काढण्याची रीत दिली. आयनांवरील विद्युत्भार जितका अधिक आणि आयन जितके लहान, तितके जाळे घट्ट.

सैंधवात दोन्ही आयन एकेरी भाराचे आहेत. जालक ऊर्जा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल. चुनकळीत दोन्ही आयन दुहेरी भाराचे, म्हणून ती सुमारे ३४०० किलोज्यूल, म्हणजे चौपटीहून अधिक भरते.

मीठ पाण्यात विरघळते तेव्हा जाळे मोडण्याचा खर्च आणि आयनांभोवती पाणी जमल्याने होणारी जमा जवळजवळ सारखी असते. जेमतेम ४ किलोज्यूल कमी पडतात व पाणी किंचित गार होते. नवसागरात ही तूट सुमारे १५, तर सोऱ्यात सुमारे ३५ किलोज्यूल आहे. सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करण्याची युक्ती अकबराच्या दरबारात वापरली जाई, असे ‘ऐन-इ-अकबरी’त नमूद आहे.

एकच अग्नी, दोन परिणाम

कार्बोनेट आयन मोठा, ऑक्साइड आयन लहान. कार्बोनेटचे ऑक्साइड होताना जाळे अधिक घट्ट होते; धन आयन लहान व दुहेरी भाराचा असेल तर हा लाभ मोठा असतो. कॅल्शियमला तो मिळतो. पोटॅशियमला, आयन मोठा व एकेरी भाराचा असल्याने, पुरेसा मिळत नाही. म्हणूनच ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास शंखाची चुनकळी होते, पण अपामार्गाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट त्या अग्नीतही कार्बोनेटच राहते.

ही उणीव सुश्रुताचार्यांनी कशी भरून काढली, हे पाहण्यासारखे आहे. सूत्रस्थानातील क्षारपाकविधीत मध्यम क्षारासाठी शंखनाभी, शुक्ती इत्यादी अग्नीत लाल करून क्षारोदकात मिसळण्यास सांगितले आहे. मृदू क्षारात ही भर नाही. चुन्याच्या संयोगाने पोटॅशियम कार्बोनेटचे दाहक हायड्रॉक्साइड होते व अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या विधीची आवर्जून दखल घेतली. तयार क्षार लोखंडी कुंभात मुख बंद करून ठेवावा, ही आज्ञाही सार्थ आहे. उघडा राहिल्यास तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा मृदू होतो.

व्यवहारातील सूचना

१. मात्रा : कॅल्शियम कार्बोनेटच्या तुलनेत चुनकळी वजनास वजन सुमारे १.८ पट व विरलेला चुना सुमारे १.३५ पट आम्ल शमवितो. अम्लपित्ताच्या रुग्णास तीच मात्रा देताना भस्म कोणत्या अवस्थेत आहे, हे ठाऊक असावे. दाहक भस्म कोरडे जिभेवर देऊ नये.

२. तोल : शुद्ध व कोरडा शंख पुटापूर्वी आणि पुटानंतर तोलावा. १०० ग्रॅमचे सुमारे ५६ ग्रॅम झाले तर विघटन पूर्ण. ७८ भरले तर अदमासे निम्मे. संपुट घट्ट असेल व वायूस वाट नसेल, तर विघटन अडते. या नोंदी प्रत्येक घाणीच्या कागदपत्रांत ठेवाव्यात. २००० साली आलेल्या अनुसूची ‘टी’नेही उत्पादनाच्या नोंदी आवश्यक केल्या आहेत.

३. परीक्षा : थोड्या भस्मावर पाण्याचे थेंब टाकल्यावर ते तापले तर त्यात चुनकळी आहे. विरल आम्ल टाकल्यावर बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. दोन्ही घडल्यास मिश्रण समजावे.

४. साठवण : सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात भरलेली उघडी बरणी पावसाळ्यात आर्द्रता ओढते आणि भस्माचा गुण पालटतो. भस्म निवताच हवाबंद काचपात्रात भरावे.

५. चूर्णोदक : चुना पाण्यात विरघळताना उष्णता देतो, म्हणून गरम पाण्यात तो कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे १.७ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. निवळी थंड पाण्यातच करावी.

६. सुरक्षितता : एक किलो चुनकळी विरताना निघणारी उष्णता सुमारे चार लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास पुरते. म्हणून चुनकळीवर पाणी ओतू नये. भरपूर पाण्यात ती थोडी थोडी सोडावी व डोळ्यांवर चष्मा असावा.

ग्रंथोक्त विधींस आधुनिक मोजमापाची जोड दिल्याने शास्त्रास उणेपणा येत नाही. उलट, एकाच नावाचे औषध प्रत्येक वेळी एकाच गुणाचे मिळते, आणि रुग्णाचा विश्वास त्यावरच उभा असतो. औषधनिर्मात्या बंधूंनी शंखभस्माच्या वेष्टनावर ते कार्बोनेट आहे की चुना, एवढा एक शब्द छापला तरी वैद्यांचे काम पुष्कळ सुकर होईल.